हरणाऱ्या संघाची निष्ठा
टेक्सासमधील प्रेअरी व्ह्यू ए अँड एम या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ १९८९ ते १९९८ या काळात सलग ८० सामने हरला. (हा फुटबॉल अमेरिकी, चेंडू बहुतेक वेळ हातातच.) तरीही त्याला प्रेक्षक उरले. अशी निष्ठा विवेकी म्हणावी का?

फळाच्या हिशोबाने पाहिले तर नाही. तिकीट, प्रवास, शनिवारची दुपार, सगळेच पाण्यात. पण हा हिशोब निष्ठेला नवसाच्या पातळीवर आणतो: जिंकलात तर येऊ. अमेरिकी तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यांनी १९०८ च्या ग्रंथात निष्ठा म्हणजे एखाद्या ध्येयाला स्वेच्छेने, कृतीतून आणि पूर्णपणे वाहून घेणे, असे मांडले. हरलेल्या ध्येयांवरील निष्ठेला तर त्यांनी विशेष मोल दिले. गीतेतील निष्काम कर्म याच्या जवळचे वाटते, पण तंतोतंत नव्हे. प्रेक्षकाला जय हवाच असतो. फक्त त्याचे येणे जयावर अवलंबून नसते.

अर्थात, कित्येक जण विद्यापीठाच्या गाजलेल्या बँडसाठीही येत. त्यांची निष्ठा संघापेक्षा संस्थेशी, आपल्या माणसांशी होती. अखेर २६ सप्टेंबर १९९८ रोजी लँगस्टन विद्यापीठाच्या संघावर १४-१२ असा विजय मिळाला आणि पराभवांची ती मालिका तुटली.