ठीक आहे, नेक्स्ट!

माणसाची चूक त्याच्या तोंडावर सांगावी की नाही? हा प्रश्न आमच्या ब्रँचमध्ये कुणाला पडत नाही. संध्याकाळी कॅशमध्ये पाचशे रुपये कमी आले की हेडकॅशियर अख्ख्या ब्रँचला ऐकू जाईल अशा आवाजात माझी अक्कल, माझं कॉलेज आणि बी. कॉम. ही पदवी यांच्याविषयी बोलतात. पाचशे मी खिशातून भरतो. नोट कुठं जास्त गेली, ते मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

आमची पुतणी एमबीबीएसला आहे. सुट्टीत आली की ब्लडप्रेशर बघायला हाताशी असलेला देह म्हणजे काका. तिनं पट्टा बांधला, फुगवला आणि म्हणाली, "काका, एकशे पन्नास!" मी म्हटलं, "वा! छान बघतेस हो." (शाबासकीला पैसे पडत नाहीत.) त्याच दिवशी सौभाग्यवतींनी मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली. लोणचं बंद, पापड बंद. तीन आठवड्यांनी आमच्या डॉक्टरांनीही तसाच पट्टा बांधला, तर आकडा तोच! मग त्यांनी माझा दंड न्याहाळला, कपाटातून मोठा पट्टा काढला आणि प्रेशर नॉर्मल. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो म्हणे.

आता पोरीला सांगायचं कुणी? तिचे सर वॉर्डात "ठीक आहे, नेक्स्ट" एवढंच म्हणतात. तिनंच मला एकदा सांगितलं होतं की, जॅक एंडे नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ सालीच लिहून ठेवलंय : शिकणाऱ्याला फीडबॅक द्यायचा तो आपण डोळ्यांनी पाहिलेल्या कामाविषयी, नेमका आणि वेळेवर, माणसाच्या लायकीविषयी नव्हे. तेव्हा मला हेडकॅशियर आठवले होते, आणि बरंही वाटलं होतं. आता माझी "वा!" आठवली. त्यांच्या शिव्यांत नि माझ्या कौतुकात शिकण्यासारखं सारखंच होतं, म्हणजे काहीच नव्हतं. आणि माझा फरक मी भरला. हिचा फरक भरणार कुणीतरी पेशंट, तोही पावतीशिवाय!

रविवारी तिला बोलावून दंड पुढे केला. ती पट्टा गुंडाळायला लागली तसं विचारलं, "हा माझ्या मापाचा आहे का गं?"

ती थांबली. पट्ट्यावरच्या खुणा पाहिल्या. चेहरा उतरला. "काका, मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी बाही वर केली होतीस, हात टेबलावर नीट टेकवला होतास. पट्टा तेवढा लहान होता."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "म्हणजे तीन आठवडे मी अळणी जेवले, ते उगाच?"