न पाहिलेले यान

'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा अंतराळयाने बांधून उडवण्याचा खेळ मेक्सिको सिटीतील 'स्क्वाड' या कंपनीने 2011 मध्ये प्रथम लोकांसमोर आणला. पूर्ण आवृत्ती 2015 मध्ये आली. त्याच्या रचनेत तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न प्रत्यक्ष तपासता येतो: जे कोणी पाहत नाही, ते असते का?

खेळाडू ज्या यानावर असतो त्याच्या प्रत्येक भागावरचे बल, ताण, उष्णता आणि हवेचा विरोध यांचे गणित क्षणोक्षणी चालते. अंतराळात दुसरे यान अडीच किलोमीटरपलीकडे गेले की हे गणित थांबते. कक्षेचे मोजके आकडे तेवढे उरतात. यान 'ऑन रेल्स' गेले, असे खेळाडू म्हणतात. विश्वाचे केंद्रही पाहणाऱ्यापाशीच असते. मूळबिंदूपासून फार दूर गेल्यावर आकड्यांची अचूकता घटे आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांत याने थरथरून मोडत. या संकटाला खेळाडूंनी 'क्रॅकेन' हे नाव दिले. उपाय म्हणून यान मूळबिंदूजवळ ठेवून बाकीचे विश्व सरकवले जाऊ लागले.

अद्वैत वेदान्तातला दृष्टिसृष्टिवाद जवळपास हेच चित्र मांडतो. वस्तूचे असणे म्हणजे तिचे दिसणे, या मताचा ठाम पुरस्कार प्रकाशानंदांच्या 'वेदान्तसिद्धान्तमुक्तावली'त आहे. सगळ्याच अद्वैतींना हे मान्य नाही. खुद्द शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात बाह्य वस्तू नाकारणाऱ्या विज्ञानवादाचे खंडन केले आहे. युरोपात जॉर्ज बर्कलीने 1710 मध्ये असाच सिद्धान्त मांडला. माणसाने पाठ फिरवली तरी ईश्वर पाहतच असतो, म्हणून वस्तू टिकते, असे त्याचे उत्तर होते. खेळातले जपून ठेवलेले आकडे हेच काम करतात: खेळाडू परतला की यान जिथे असायला हवे तिथेच सापडते.

मात्र एका ठिकाणी हे चित्र फाटते. कर्बिन या ग्रहाचे वातावरण 70 किलोमीटर उंचीपर्यंत आहे. कक्षेचा सर्वांत खालचा बिंदू 45 किलोमीटरवर असलेले यान खेळाडू स्वतः चालवत असेल, तर हवा त्याला अडवते, वेग घटतो, कक्षा आखडते. तेच यान 'ऑन रेल्स' असेल, तर त्याच हवेतून वेग जराही न गमावता पार होते. ते याहून फार खोल गेले, तर खेळ त्याला सरळ नाहीसे करतो. म्हणजे यान टिकते की नाही, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या यानाला नियम एकच लागतो का, हे खरे विचारायला हवे. खेळात तो एकच नाही.

निसर्गात याची कसोटी लागलेली आहे. 1682 मध्ये दिसलेला धूमकेतू 1758 च्या सुमारास परतेल, असे एडमंड हॅलेने सांगितले होते. मधल्या दशकांत तो कोणालाही दिसला नाही. खेळातल्या यानाला एका वेळी एकच ग्रह, चंद्र किंवा तारा ओढतो. धूमकेतूही तसाच आखीव वाटेने गेला असता, तर त्याला उशीर व्हायचे कारण नव्हते. पण क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या फ्रेंच गणितज्ञांनी गुरू व शनीची ओढ हिशेबात घेतली, तेव्हा आधीच्या फेरीच्या तुलनेत सुमारे 618 दिवसांचा उशीर आणि एप्रिल 1759 च्या मध्याची वेळ निघाली. ही ओढ लागली तेव्हा पाहणारे कोणी नव्हते. दृष्टिसृष्टिवादी यावरही अखंड साक्षी चैतन्याचा आधार घेऊ शकतो. पण मग त्या चैतन्याने गुरूची प्रत्येक ओढ क्षणाचाही खंड न पडता सांभाळली पाहिजे, आणि असे विश्व बाह्य विश्वापासून वेगळे ओळखता येणार नाही. प्रत्यक्षात धूमकेतू 13 मार्च 1759 रोजी, म्हणजे वर्तवलेल्या वेळेच्या सुमारे महिनाभर आधी, सूर्याच्या सर्वांत जवळ पोचला.