हक्क कुणाचा, कशाचा, कुणाविरुद्ध?

'शिक्षणाचा हक्क' याचे इंग्रजी करा, असे नववी-दहावीच्या वर्गात सांगितले तर बऱ्याच वह्यांत 'राइट ऑफ एज्युकेशन' हे उत्तर सापडेल. त्यात मुलांचा फारसा दोष नाही. चा-ची-चे दिसले की इंग्रजीत 'ऑफ' ठेवायचा, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. 'घराचे छप्पर', 'नदीचा काठ' इथे ते खपूनही जाते. हक्कापाशी मात्र लाल शाईचा गोल पडतो आणि शेजारी 'टू' लिहून मिळते. ते का, हे सहसा कुणी सांगत नाही. पाठ करा म्हणतात.

पाठांतराचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. इंग्रजीत 'कॉज'पुढे 'ऑफ' येतो आणि 'रीझन'पुढे 'फॉर', दोन्ही कारणेच. 'इंटरेस्ट'ला 'इन' लागतो, 'डिमांड'ला 'फॉर', 'सोल्यूशन'ला 'टू'. यात वहिवाटीचा भाग मोठा आहे आणि वहिवाट कारणे देत बसत नाही. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? आपण वाघाला भितो, पण भीती वाटते वाघाची. संस्कृतात तोच वाघ पंचमीत जातो, कारण भय जिथून उपजते त्याला अपादान म्हणावे असे पाणिनीने सांगून ठेवले आहे. वाघ एकच, विभक्त्या तीन.

मात्र इंग्रजी नामाला असले अव्यय मुळात लागतेच का, याला सरळ उत्तर आहे. इंग्रजी क्रियापद आपले कर्म थेट घेऊ शकते. नामाला ती मुभा नाही. 'डिस्कस' म्हटले की पुढे विषय थेट येतो, पण त्याचे 'डिस्कशन' झाले की मध्ये 'ऑफ', 'ऑन' किंवा 'अबाउट' घालावाच लागतो. 'आन्सर' हे क्रियापद प्रश्नाला थेट भिडते. तेच नाम झाले की 'टू'वाचून पुढे सरकत नाही. मराठीत आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणजे आपल्या क्रियापदाच्या पोटात नाम असते आणि त्याच्यासाठीचा 'वर' आधीच येऊन बसलेला असतो. कचेऱ्यांमधल्या इंग्रजीत 'डिस्कस ऑन' आणि 'डिस्कस अबाउट' सर्रास ऐकू येतात ते यामुळेच. जुन्या इंग्रजीतही नामांना विभक्तिप्रत्यय होते. ते झिजत गेले तसतसा त्यांचा भार या अव्ययांनी उचलला. मराठीने प्रत्ययही राखले आणि शब्दयोगी अव्ययेही सामान्यरूपाला जोडून घेतली.

म्हणजे अव्यय कोणते हे बरेचदा वहिवाट ठरवते. पण काही नामे अशी आहेत की त्यांच्यापुढचे अव्यय बदलले की नाते बदलते, आणि नाते बदलले की माणसांच्या पदरात काय पडायचे तेही बदलते. 'राइट' हे त्यातले ठळक नाम.

१७९१ मध्ये टॉमस पेनने 'राइट्स ऑफ मॅन' लिहिले आणि पुढच्याच वर्षी मेरी वुलस्टनक्राफ्टने स्त्रीच्या हक्कांची कैफियत मांडली. तिच्याही शीर्षकात 'राइट्स ऑफ वुमन' आहे. दोन्हीकडे 'ऑफ'पुढे हक्क धारण करणारा आला आहे. 'टू'पुढे येते ते मिळायचे असते: माहिती, समानता, शिक्षण. या हिशेबाने 'राइट ऑफ एज्युकेशन' म्हणजे खुद्द शिक्षणालाच काही हक्क असल्यासारखे होते. नियम अगदी काटेकोर नाही. 'राइट ऑफ अपील', 'राइट ऑफ वे' अशा जुन्या कायदेशीर जोड्यांत 'ऑफ'पुढे मिळायची गोष्टच येते. पण सर्वसाधारण रीत ही अशी. आपल्या संसदेने २००९ मध्ये केलेल्या कायद्याच्या इंग्रजी नावात ही दोन्ही अव्यये शेजारी नांदतात: 'राइट ऑफ चिल्ड्रन टू फ्री अँड कम्पल्सरी एज्युकेशन'. कुणाचा ते 'ऑफ' सांगतो, कशाचा ते 'टू'. मराठी नाव आहे 'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क'. इथे दोन्ही कामे एकट्या 'चा'ने केली आहेत.

बालक कोण आणि शिक्षण काय हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून अडत नाही. पण 'नदीचा हक्क' म्हटले तर? आजवर या शब्दांनी नदीच्या पाण्यावरचा माणसांचा हक्कच डोळ्यांपुढे यायचा. २०१७ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती ठरवले. त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने काही महिन्यांतच स्थगिती दिली, परंतु त्याच वर्षी न्यूझीलंडच्या संसदेने वांगानुई नदीला असाच दर्जा कायद्याने दिला. आता 'नदीचा हक्क' नदीचा स्वतःचाही असू शकतो. यावर इंग्रजीत लिहिणाऱ्याला 'ऑफ' की 'टू' हे पहिल्याच ओळीत ठरवावे लागते. मराठीत न ठरवता पानभर लिहिता येते, आणि वाचणारे दोघे दोन अर्थ घेऊन उठतात.

म्हणून मराठी ढिली आहे असे मात्र कुणी समजू नये. गरज पडली की ती किती नेमकी होते ते पाहायचे तर सातबारा काढावा. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख. त्यात भोगवटादाराचे नाव असते, आणि 'इतर अधिकार' नावाचा रकाना असतो. तिथे कुणाचा विहिरीत हिस्सा असतो, कुणी कूळ असते, कुठे बँकेचा जमिनीवर बोजा असतो. बांधावरून गाडी नेण्याचा वाद तहसीलदारापुढे गेला की 'वर' आणि 'वरून' यांतला फरक गावातल्या प्रत्येकाला कळतो. बांधावर हक्क सांगणारा बांधच मागतो. बांधावरून हक्क सांगणारा फक्त वाट मागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले कलम १४३ या वाटेबद्दलच आहे. त्याच्या इंग्रजी मथळ्यात 'राइट'नंतर आधी 'ऑफ' येतो आणि मग 'ओव्हर': वाट मिळायची आणि ती दुसऱ्याच्या हद्दीवरून. इंग्रजीच्या तासाला कधीही न बसलेला शेतकरी हा भेद आपल्या भाषेत बिनचूक करतो, कारण चूक झाली तर बैलगाडी अडते.

राज्यघटनेच्या तिसऱ्या भागात एक मथळा बाकीच्यांहून वेगळा आहे. समानता, स्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, सांविधानिक उपाययोजना या सगळ्यांच्या मागे इंग्रजीत 'राइट टू' आहे. अनुच्छेद २३ आणि २४ यांच्या डोक्यावर मात्र 'राइट अगेन्स्ट एक्सप्लॉयटेशन' असे लिहिले आहे. मराठीतही 'शोषणाविरुद्ध हक्क' असेच आहे. 'चा' इथे चाललाच नसता. 'शोषणाचा हक्क' म्हटले असते तर अर्थाचा अनर्थ झाला असता. पण हा 'विरुद्ध' केवळ अनर्थ टाळण्यापुरता नाही. 'टू' असला की नजर मिळणाऱ्या गोष्टीवर राहते. 'अगेन्स्ट' आला की समोर कुणीतरी उभे असल्याचे जाणवते: वेठीला धरणारा, लहान मुलाला कारखान्यात जुंपणारा. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे ही अनुच्छेद २३ मधली वेठच होय, असे न्यायालयाने म्हटले. हा हक्क फक्त सरकारविरुद्ध नाही, खासगी माणसाविरुद्धही चालतो, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. निकालाचा आधार अनुच्छेदाचा मजकूर होता, मथळ्यातले अव्यय नव्हे. पण मजकुराचा रोख त्या अव्ययाने आधीच दाखवून ठेवला होता.

हक्क असला की त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाचे तरी कर्तव्य असते. आपल्या बोलण्यात ते टोक बहुधा गळते. पाण्याचा हक्क, घराचा हक्क, कामाचा हक्क अशा घोषणा 'चा'पाशी संपतात, इंग्रजीतल्या 'टू'पाशी, आणि ज्याने द्यायचे तो मोकळा राहतो. २००९ च्या कायद्याच्या नावातही देणारा नाही. तो शोधायला कलम ८ आणि ९ पर्यंत जावे लागते. तिथे सरकारची आणि स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये लिहिली आहेत, आणि कलम १० मध्ये पालकांचेही. शाळेत जागा न मिळालेल्या मुलाच्या बापाला कायद्याचे नाव पाठ असून उपयोग नसतो. त्याला ही कलमे लागतात.

तेव्हा वर्गात 'राइट'पुढे 'टू' पाठ करून घेण्याऐवजी चार प्रश्न विचारायला शिकवावे: कुणाचा, कशाचा, कशावर, कुणाविरुद्ध? पहिल्या तिन्हींची उत्तरे दिली की इंग्रजी अव्यय बहुतेक वेळा आपोआप बरोबर येते आणि परीक्षेतले गुणही मिळतात. चौथ्याचे गुण कुठलीही परीक्षा देत नाही. तरी अर्ज लिहायला बसणाऱ्याने सुरुवात त्याच प्रश्नापासून करावी.