सांगणाऱ्याचे ऋण

लखनौच्या रेसिडेन्सीत फिरताना भग्न भिंतींपेक्षा थडग्यांवरील नावेच मनात अधिक रेंगाळतात. १८५७ च्या वेढ्यात जखमी होऊन ४ जुलैला मरण पावलेल्या सर हेन्री लॉरेन्स यांचे थडगे येथे आहे. इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या हिंदी शिपायांसाठी उभारलेला स्तंभही आहे. राज्यकर्त्यांनी आपल्या माणसांची स्मृती दगडात जपली. पण त्याच शहरातील गल्लीबोळांत ज्यांची घरे लुटली गेली, त्यांची आठवण कोठे शोधावी? उरलीच असेल तर ती एखाद्या घरच्या वहीत, नाहीतर वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात. ती लिहून काढणाऱ्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : तो प्रथम कोणाचा ऋणी, सत्याचा की सांगणाऱ्याचा?

मराठीत या प्रश्नाची साक्ष देणारे एक पुस्तक त्याच धामधुमीतून जन्मले. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळावी म्हणून १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी शहरात राहून पाहिला. कमाई लुटली गेली. परतताना खांद्यावर गंगेची कावड तेवढी उरली. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकीकत लिहिली. मात्र सरकारच्या भयाने, आपल्या हयातीत ती छापू नये, अशी अट घातली. वैद्यांनी शब्द पाळला. ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध झाला तो गोडसे यांच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये.

येथे वचन पूर्ण झाले. ऋण मात्र फिटले नाही. वैद्यांनी भटजींच्या भाषेवर संस्कार केले, काही मजकूर गाळला. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ पाठ प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे वाचकाला दोन्ही ताडून पाहता आले. वैद्यांना दोष देणे सोपे आहे. पण ते नसते तर ही हकीकत लिहिलीच गेली नसती. शिवाय घरचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाची बोटे त्याच जागी अडखळतात. आजोबांचे कर्ज, विधवा आत्याची झालेली उपेक्षा, भाऊबंदकीतला एखादा खोटा दस्तऐवज : हे वाचून दुखावणारी माणसे अजून त्याच घरात वावरत असतात.

मला वाटते, अशा लेखकाला थांबण्याचा अधिकार आहे, बदलण्याचा नाही. जिवंत माणसांसाठी तो मौन पाळू शकतो. पण जेथे मौन पाळले, तेथे तशी खूण त्याने ठेवावी. उघड ठेवलेली रिकामी जागा पुढच्या पिढीला शोधासाठी बोलावते. गुळगुळीत केलेले वाक्य ती वाटच बुजवून टाकते. सांगणाऱ्याने आपल्या शब्दांत सांगितले, म्हणून तर तो साक्षीदार ठरला. ते शब्दच बदलले, तर साक्ष आपली होते आणि नाव तेवढे त्याचे राहते.

रेसिडेन्सीतल्या दगडांवर कोरणाऱ्यांनी स्वतःला हवे तेच कोरले. घरच्या वहीने तरी तसे करू नये.