सप्तशृंगीचा प्रसाद आणि मुलांची शरीरविद्या

नाशिक जिल्ह्यातील कोठुरे गावचे बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरचे मल्ल, आणि मल्लखांबाची विद्या विस्मृतीतून वर काढून तिला शिस्तबद्ध रूप देण्याचे श्रेय महाराष्ट्र आजवर त्यांनाच देत आला आहे. निजामाच्या मुलुखातून अली आणि गुलाब या नावांचे दोन पहिलवान पुण्यास आले, त्यांनी भर दरबारात कुस्तीचे आव्हान दिले, आणि कोणीच पुढे होईना तेव्हा तरुण बाळंभटांनी ते पत्करून तयारीसाठी मुदत मागून घेतली, अशी आख्यायिका आहे. मुदत मिळताच ते वणीच्या गडावर सप्तशृंगीच्या पायाशी अनुष्ठानास बसले. देवीने दृष्टांत दिला, मारुतीने वानररूपाने प्रकट होऊन लाकडी खांबावरच्या पकडी आणि उड्या त्यांना दाखविल्या, आणि त्या विद्येच्या बळावर बाळंभटांनी पुढे कुस्ती मारली. इतिहासाच्या दप्तरात या कथेतील किती भाग टिकेल हा मामला वेगळा. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या स्तंभावरील व्यायामाचा उल्लेख असल्यामुळे ही कला बाळंभटांच्या कितीतरी आधीची आहे, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

मला या आख्यायिकेतील एक गोष्ट फार मोलाची वाटते. सप्तशृंगीची मूर्ती अठरा हातांची आहे आणि बहुतेक हातांत आयुधे आहेत. महिषासुराचा वध करणाऱ्या त्या शक्तीला आपल्या भक्ताच्या दंडात एका रात्रीत हत्तीचे बळ भरणे अथवा प्रतिपक्षाचे बळ हरण करणे अशक्य होते, असे कोणीही भाविक म्हणणार नाही; परंतु ही कथा रचणाऱ्या लोकमानसाने तसे काहीच घडविले नाही. बाळंभटांना वर म्हणून बळ मिळाले नाही, गुरू मिळाला. आणि गुरूने जे दिले ते रोज उठून, घाम गाळून, पुनःपुन्हा पडून आत्मसात करावयाचे होते. कृपा आणि कष्ट यांचा वाद आपल्या धर्मचिंतनात शतकानुशतके चालत आला आहे, आणि सह्याद्रीच्या कड्यावरील या साध्या कथेने त्याचा निवाडा करून ठेवला आहे: ईश्वराची कृपा जेव्हा शरीरापाशी येते तेव्हा ती अभ्यासाचेच रूप घेऊन येते.

हा निवाडा लक्षात घेतला म्हणजे लहान मुलांच्या शरीरशिक्षणाकडे आपण ज्या दृष्टीने पाहतो तिच्यातील उणीव दिसू लागते. आपल्या घरांत दोन समजुती एकाच छपराखाली नांदतात. देह नश्वर आहे, तो मळाचा गोळा आहे, त्याचे लाड करणे हा परमार्थातील अडथळा आहे, हे कीर्तनातून कानांवर पडते. आणि दुसऱ्या दिवशी तेच आईबाप उंची वाढावी, प्रकृती सुधारावी, मोबाईल सुटावा या हेतूंनी मुलाला व्यायामशाळेत घालतात. पहिल्या समजुतीत शरीर तुच्छ ठरते आणि दुसरीत ते केवळ सोयीचे साधन ठरते. मुलाने स्वतःच्या शरीरात राहावयास शिकणे ही स्वतंत्र योग्यतेची, किंबहुना धर्माच्या कक्षेतील गोष्ट असू शकते, हा विचार दोहोंतही येत नाही.

वस्तुतः आपल्या परंपरेतील श्रेष्ठ ग्रंथांना हा विचार परका नाही. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त उग्र तपाने कृश झालेल्या पार्वतीपुढे बटूच्या वेषातील शंकर येऊन उभे राहतात आणि तिच्या शरीराची वास्तपुस्त करताना शरीर हे धर्माचे पहिले साधन असल्याची जाणीव तिला देतात; तपस्व्यांचा अधिपतीच तपस्विनीला हे सांगत आहे, यात त्या प्रसंगाचे मर्म आहे. त्याहूनही मला तैत्तिरीय उपनिषदातील भृगूची कथा अधिक जवळची वाटते, कारण ती बाप आणि मुलगा यांची कथा आहे. भृगू वरुणाकडे ब्रह्म जाणून घ्यावयास जातो, तप करतो आणि प्रथम अन्न हेच ब्रह्म होय अशा निर्णयाप्रत येतो. पिता त्याला चूक ठरवीत नाही, हसत नाही, आयते उत्तरही देत नाही. पुन्हा तप कर, एवढेच सांगतो. प्राण, मन, विज्ञान या पायऱ्या चढत मुलगा आनंदापर्यंत पोहोचतो, आणि इतक्या उंचीवर पोहोचल्यावरही ते उपनिषद त्याला व्रत सांगते ते अन्नाची निंदा न करण्याचे. ज्या पायरीवरून चढलो ती तुच्छ नव्हे, हा त्यातील भाव. 2022 साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला त्यात बालकाच्या विकासाचा विचार याच पाच पायऱ्यांच्या, म्हणजे पंचकोशांच्या, आधारे मांडलेला आहे आणि अन्नमय कोश त्यात पहिला आहे. कागदावर ही तजवीज उत्तम झाली. शाळेच्या वेळापत्रकात मात्र खेळाचा तास गणिताला उसना देण्याचा शिरस्ता अजून सुटलेला नाही.

नाशिकमध्ये यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्था आहेत आणि मल्लखांबाची विद्या या शहरात अद्याप जिवंत आहे. कोणत्याही चांगल्या आखाड्यात संध्याकाळी जाऊन बसावे आणि सहासात वर्षांचे मूल पहिल्यांदा अढी शिकताना लक्ष देऊन पाहावे. मातीला आणि मारुतीला नमस्कार करून ते खांबापाशी येते. लाकूड एरंडेलाच्या हाताने गुळगुळीत झालेले असते. मूल ते बगलेत धरते, कंबर उचलते, पाय वर टाकते, आणि मांड्यांची मिठी खांबाला बसली की त्याचे डोके खाली लोंबू लागते. आजवर ज्या जगात ते वावरत होते ते त्याच्या डोळ्यांदेखत उलटे होते. शिक्षकाचा तळवा त्याच्या पाठीपासून चार बोटांवर असतो, टेकलेला नसतो. त्या क्षणी मुलाचा चेहरा लाल झालेला असतो, ओठ घट्ट मिटलेले असतात, आणि ते ओरडत नाही याचे कारण एवढेच की त्याचे सारे अवधान मांड्यांत उतरलेले असते. पुढे दसरंग, सलाम्या, फिरकी, ताजवा असे प्रकार येतात, पण या पहिल्या अढीत जे घडते त्याची जात वेगळी आहे.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना भगवंतांनी सर्वांआधी नाव घेतले आहे ते अभयाचे. सत्य, अहिंसा, दान, तप ही सारी त्याच्या मागून येतात. हा क्रम यदृच्छेने लागला असेल असे मला वाटत नाही, कारण भ्यालेला मनुष्य खरे बोलू शकत नाही आणि भ्यालेल्याची अहिंसा ही पुष्कळदा लाचारीच असते. परंतु अभय उपदेशाने येत नाही. ‘भिऊ नकोस’ हे शब्द मूल दिवसातून अनेकदा ऐकते आणि त्यांनी त्याची भीती तसूभरही हटत नाही, कारण भीतीचे ठाणे विचारांत नसून पोटात, गुडघ्यांत, आवळलेल्या मुठींत असते. तेथपर्यंत शब्दाचा हुकूम चालत नाही. तेथे पोहोचते ती फक्त कृती. उलटे लोंबूनही आपण पडलो नाही, आणि पडलो तेव्हाही मातीने सांभाळून घेतले, हे ज्ञान मुलाच्या अंगात एकदा मुरले की पुढे आयुष्यात ज्या ज्या प्रसंगी त्याचे जग उलटे होईल त्या त्या प्रसंगी ते उपयोगी पडण्याचा संभव राहतो.

म्हणूनच जो शिक्षक छडीच्या धाकाने पकड शिकवितो तो देत असतो त्याहून अधिक काढून घेत असतो, असे माझे ठाम मत आहे. जुन्या तालमींतील वस्तादांचा कडकपणा आपण कौतुकाने सांगतो. त्यांच्या निष्ठेपुढे मी नम्र आहे, पण भयाने शिकविलेली निर्भयता टिकाऊ असते हे मला कबूल नाही. पाठीपासून चार बोटांवर थांबलेला तो तळवा मला भृगूला आयते उत्तर न देणाऱ्या वरुणाच्या मौनाच्या जवळचा वाटतो. तो मुलाला उचलीत नाही आणि सोडूनही देत नाही.

याच नाशिक शहरात 1937 साली डॉ. बा. शि. मुंजे यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढले. पारतंत्र्यातील समाजाला कणखर तरुण हवे होते आणि ती गरज खोटी नव्हती. तथापि राष्ट्रासाठी असो, पदकासाठी असो वा आईबापांच्या हौसेसाठी असो, अगदी लहान मुलाचे शरीर परक्या हेतूला आगाऊ जुंपून टाकणे मला धर्मदृष्ट्या गैर वाटते. नाशिकजवळच्या टाकळीस नंदिनीच्या काठी जो नारायण बारा वर्षे राहिला आणि रामदास म्हणून बाहेर पडला, तो तेथे आला तेव्हा उणापुरा बारा वर्षांचा होता. रोज बाराशे सूर्यनमस्कार, नदीच्या पाण्यात उभे राहून जप आणि मारुतीची उपासना हा त्याचा क्रम परंपरा सांगते. पुढे ठिकठिकाणी मारुतीची स्थापना करून रामदासांनी बलोपासनेचा लौकिक विस्तार केला हे खरे. पण टाकळीच्या मुलाला हे सूर्यनमस्कार कोणी लावून दिले नव्हते. ते त्याचे स्वतःचे होते.

मुलींच्या बाबतीत तर आपल्या हातून मोठाच अन्याय झाला आहे. ही विद्या देवीच्या पायाशी मिळाली असे आपण अभिमानाने सांगत राहिलो आणि देवीच्या लेकींना आखाड्याच्या उंबऱ्यावर थांबविले. बिठूरला लहानग्या मनूने, म्हणजे पुढच्या झाशीच्या राणीने, मल्लखांबाचे धडे घेतल्याची परंपरा आहे, पण ती अपवाद म्हणूनच सांगितली गेली. आता दोरीच्या मल्लखांबावर मुली ज्या सहजतेने आसने लावतात ती पाहिली की किती पिढ्यांचे देणे थकले आहे याची कल्पना येते.

आणि आखाडा हीच या शिक्षणाची एकमेव जागा नव्हे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. हरसूल-पेठच्या डोंगरांत चढउतार हाच पहिला गुरू असतो. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सदनिकेत वाढणाऱ्या मुलाला असा उतार नाही, झाड नाही, ओढा नाही. त्याला उडी, तोल, लोळण आणि पकड ही आता कोणीतरी बसून शिकवावी लागतात. पाड्यावरच्या मुलाला मात्र शरीर शिकविण्यापेक्षा पोटभर अन्न देणे हे आधीचे कर्तव्य आहे. अन्नाची निंदा न करण्याच्या व्रताचा तोही एक अर्थ आहे.

एक आक्षेप उरतो आणि तो हलका नाही. बलहीनाला आत्मा लाभत नाही, असे मुंडक उपनिषद सांगते. मग जे मूल जन्मतःच पंगू आहे, ज्याला दृष्टी नाही, त्याने काय करावे? शंकराचार्यांनी तेथे बळाचा अर्थ आत्मनिष्ठेतून उपजणारे वीर्य असा केला आहे, आणि तो अर्थ मला मान्य आहे. परंतु आचार्यांचे भाष्य वाचून मुलाच्या आईचे समाधान होत नाही. तिला दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरात न्यावे. तेथे उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलींना दोरीचा मल्लखांब शिकविला. डोळस मूल शिक्षकाकडे पाहून अनुकरण करते. या मुलींना दोरी कोठून कोठे गेली, अंगठ्यात कशी धरावी, मांडीभोवती वेढा कसा बसतो हे हातांनी चाचपून आणि सांगितलेला शब्द अंगात उतरवून शिकावे लागते. जमिनीपासून उंच, आधाराला एक दोरी, आणि दृष्टीचा उपयोग नाही, अशा स्थितीत त्या आसन लावून स्थिर होतात. उपनिषदाला अभिप्रेत असलेल्या बळाचा शोध घेणाऱ्या जिज्ञासूने प्रथम तेथे जावे, आणि मग हवे तर मुंडकाचे भाष्य उघडावे.