गोड क्रॅबॲपल आणि कलमाचा धर्म

गोड क्रॅबॲपलची बी पेरली म्हणून गोड क्रॅबॲपलचे झाड मिळत नाही. सफरचंदाच्या कुळातली बहुतेक झाडे स्वतःचा पराग नाकारतात. फळ धरायचे तर मधमाशीने दुसऱ्या जातीच्या झाडावरून पराग आणावा लागतो. त्यामुळे एकाच फळातल्या बियांची आई एक असली तरी बाप निरनिराळे असू शकतात, आणि बाप एकच असला तरी गुणांची वाटणी प्रत्येक बीत वेगळी होते. अशा रोपांची फळे बहुधा आंबट, तुरट, दात आंबवणारी निघतात. परसात गोड फळ हवे असेल तर पारखलेल्या जातीची काडी किंवा डोळा दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बांधावा लागतो. रायवळ आणि कलमी आंब्यातला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

बागायतीत पाच सेंटिमीटरहून लहान फळ देणाऱ्या सफरचंदाला क्रॅबॲपल म्हणतात. ही सीमा आकाराची आहे, प्रजातीची नव्हे. सैबेरियातले, युरोपच्या रानातले आणि अमेरिकेतले क्रॅबॲपल या वेगवेगळ्या प्रजाती आहेत. बाजारातल्या मोठ्या सफरचंदाचा मुख्य पूर्वज कझाकस्तानच्या तिएन शान पर्वतातला असला, तरी त्याच्या वंशात युरोपातल्या रानसफरचंदाचाही मोठा वाटा आहे. म्हणजे रानटी आणि घरगुती यांच्यामध्ये निसर्गाने पक्की भिंत घातलेली नाही. तरीही चाकू घेऊन एका झाडाचा देह दुसऱ्यावर चढवणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न माणसाने पुन्हापुन्हा विचारला आहे, आणि तो धर्माच्या अंगाने विचारला आहे.

अमेरिकेत या प्रश्नाला एका माणसाचा चेहरा मिळाला. ‘जॉनी ॲपलसीड’ या नावाने प्रसिद्ध असलेला जॉन चॅपमन १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेमिन्स्टरला जन्मला आणि १८४५ मध्ये इंडियानातल्या फोर्ट वेनजवळ वारला. सफरचंदाचा रस काढणाऱ्या घाण्यांवरच्या चोथ्यातून तो बिया गोळा करी आणि ओहायो-इंडियानाच्या नव्या वसाहतींपुढे जाऊन रोपवाटिका लावी. तो स्वीडिश तत्त्वज्ञ इमॅन्युएल स्वीडनबोर्ग यांच्या पंथाचा होता. निसर्गातली प्रत्येक वस्तू एखाद्या आध्यात्मिक सत्याचे प्रतिरूप आहे, ही त्या पंथाची मुख्य धारणा. चॅपमनच्या मृत्यूनंतर १८७१ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात आलेल्या लेखाने त्याची जी प्रतिमा रुजवली, तीत कलम करणे हे त्याच्या लेखी पाप आहे: सफरचंद सुधारायचे तर ते देवाने सुधारावे, चांगली बी निवडून पेरण्यापलीकडे माणसाने जाऊ नये. हा निव्वळ हट्ट म्हणून सोडून देता येत नाही. झाड जर ईश्वरी अर्थाचे अक्षर असेल, तर दोन अक्षरे कापून जोडणे म्हणजे मूळ मजकुरात ढवळाढवळ करणेच ठरते.

ज्यू धर्मशास्त्रात हीच शंका फार पूर्वी नियमांच्या भाषेत आली. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात भिन्न जातींची सरमिसळ निषिद्ध आहे, आणि रब्बींनी तो निषेध कलमाला लावला. मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहाच्या ‘किलायीम’ या भागात कोणती झाडे परस्परांवर बांधता येत नाहीत याची यादी आहे. पीच आणि बदाम त्यात आहेत, तसेच सफरचंद आणि ‘हझ्राद’ हे फळझाडही. दिसायला ती सारखी आहेत, तरीही जाती वेगळ्या आहेत, असे तिथे बजावले आहे. हझ्राद म्हणजे नेमके कोणते झाड यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण प्रश्नाचा रोख स्पष्ट आहे. सारखेपणा डोळ्यांना फसवतो, म्हणून सीमा जपायची. या शास्त्राचा दुसरा भाग मात्र मोठा समजूतदार आहे. निषिद्ध कलमावरचे फळ खायला मनाई नाही, आणि अशा झाडाची फांदी तोडून दुसरीकडे लावायलाही मध्ययुगीन ज्यू धर्मशास्त्री मैमोनिदीसने मोकळीक दिली आहे. दोष जोडण्याच्या कृतीला आहे, त्यातून आलेल्या जीवाला नाही.

ख्रिस्ती धर्मप्रसारक पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात कलमाचेच रूपक आहे, पण उलटे. बागवान रानटी खुंटावर चांगली काडी बांधतो, पौल रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनावर बांधलेली दाखवतो. हे निसर्गाविरुद्ध आहे असे तो स्वतःच म्हणतो, आणि त्यातच त्याला कृपा दिसते. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये हा वाद रंगमंचावर येतो. पर्डिटा आपल्या बागेत रंगीत पट्ट्यांची फुले लावायला तयार नाही, कारण त्यांच्या घडणीत माणसाची कारागिरी मिसळली आहे. राजा पॉलिक्सनीझ तिला समजावतो की ती कारागिरीही निसर्गानेच घडवलेली आहे, आणि उदाहरण देतो ते रानटी खोडावर बांधलेल्या कुलीन काडीचे. युक्तिवाद त्याचा बिनतोड आहे. पण आपल्या मुलाने धनगराच्या घरात वाढलेल्या याच मुलीशी लग्न करायचे म्हटल्यावर तो संतापतो. कलमाचे तत्त्वज्ञान झाडापुरते मान्य करणे सोपे असते.

भारतीय परंपरेत सूर निराळा आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तल्या वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष अशा झाडांच्या काड्या शेणाने लिंपून दुसऱ्या झाडाच्या तोडलेल्या मुळावर किंवा खोडावर लावायची रीत सांगितली आहे. तिथे पापपुण्याचा प्रश्न उपस्थितच होत नाही. काडी जगावी, एवढीच चिंता आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे पाहावे, कारण उत्तराचा बराचसा भाग तिथेच आहे. हिवाळा सरताना पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काडीला आणि तितक्याच जाड खुंटाला धारदार चाकूने तिरपा, एकसंध काप दिला जातो. सालीच्या आत लगेच एक बारीक हिरवट रेघ दिसते. झाडाची वाढ होते ती या पातळ थरातून. दोन्ही कापांवरच्या रेघा निदान एका बाजूला तरी जुळल्या पाहिजेत. मग पट्टी आवळून वर मेण लावतात. इथे माणसाचे काम संपते. सांधणारी पेशी माणूस तयार करत नाही. जखम भरून काढण्याची झाडाची स्वतःची शक्तीच दोन देह जोडते, आणि नाते फार दूरचे असेल तर जोडतही नाही. हा नियम मोडायचा म्हटले तरी झाड तो मोडू देत नाही.

ॲरिस्टॉटलने ‘फिजिक्स’च्या दुसऱ्या भागात ग्रीक विचारवंत अँटिफोनचा एक युक्तिवाद नोंदवला आहे. पलंग जमिनीत पुरला आणि कुजताकुजता त्याला कोंब फुटला, तर पलंग उगवणार नाही, लाकूडच उगवेल. कारागिरीने दिलेला आकार वरवरचा असतो, स्वभाव आत राहतो. कलमी क्रॅबॲपलच्या बुंध्याशी हे दरवर्षी घडताना दिसते. सांध्याखालून फुटवे येतात आणि ते गोड जातीचे नसतात, खुंटाचे असतात. वेळीच काढले नाहीत तर ते वरच्या झाडाचा जोम ओढून घेतात. पण अँटिफोनचा दाखला इथे अर्धाच लागू पडतो, कारण सांध्याच्या वर फुटणारा प्रत्येक कोंब अस्सल गोड जातीचा असतो. पलंगाला स्वतःचा स्वभाव नव्हता, काडीला आहे.

मग हा गोडवा आला कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पीटर गिडियन मिनेसोटात स्थायिक झाला. त्याने लावलेली सफरचंदे एकामागून एक थंडीने मेली. त्याने मेन राज्यातून बिया मागवून पेरल्या आणि त्यांतल्या एका रोपाने तग धरला. त्या जातीला त्याने पत्नीचे नाव दिले, ‘वेल्थी’. पुढे नील्स हॅन्सनने रशियातून आणलेल्या बियांतून दक्षिण डकोटात ‘डॉल्गो’ हा क्रॅबॲपल निघाला. ‘वेल्थी’ आणि ‘डॉल्गो’ यांच्या संकरातून मिनेसोटा विद्यापीठाने १९५७ मध्ये ‘सेंटेनियल’ प्रसृत केला. झाडावरून तोडून तसाच खाता येतो असा हा गोड क्रॅबॲपल आज घरच्या बागेत लावला जातो. या वंशावळीत प्रत्येक नवा गुण बीतून आला आहे. चाकूने गोडवा निर्माण केला नाही, मिळालेला हरवू दिला नाही. चॅपमनची श्रद्धा इथे निम्मी खरी ठरते: नवे फळ देण्याचे काम बीचे आहे. कलमाला पाप म्हणण्यात मात्र त्याची चूक होते, कारण हाती आलेले दान सांभाळणे म्हणजे दात्यावर कुरघोडी करणे नव्हे.

कलमी झाड एक की दोन, हा पुढचा प्रश्न. लेवीय ग्रंथानुसार लागवडीनंतर पहिल्या तीन वर्षांची फळे वर्ज्य असतात आणि चौथ्या वर्षाची ईश्वरार्पण. तालमूदच्या ‘सोता’ या भागात म्हटले आहे की कोवळी फांदी जुन्या झाडावर बांधली तर ती त्या झाडात विलीन होते, मग तिच्या फळांना ही मनाई नाही. या दृष्टीने झाडाची ओळख मुळात आहे. बागवान उलट वरच्या काडीवरून नाव ठेवतो. झाड दोघांनाही थोडेथोडे खरे ठरवते. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधनकेंद्राने प्रसिद्ध केलेल्या ‘एम ९’सारख्या खुंटावर बांधलेले झाड बुटके राहते आणि लवकर फळते. म्हणजे फळ काडीचे, देहाची उंची खुंटाची. सांधा मातीत गाडला गेला तर काडी स्वतःची मुळे सोडते आणि बुटकेपणा हळूहळू नाहीसा होतो. म्हणून लागवडीच्या वेळी सांधा जमिनीपासून सुमारे दहा सेंटिमीटर वर ठेवतात.

कलमाची खरी किंमत वेगळीच आहे, आणि तिच्याकडे धर्मचर्चेत फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हजारो बागांतला ‘सेंटेनियल’ हा एकाच देहाचा विस्तार आहे. खवल्या रोगाची बुरशी दरवर्षी बदलते, हे झाड बदलत नाही. विसाव्या शतकात सफरचंदांत आणलेली खवल्याची प्रतिकारशक्ती मुख्यतः जपानी क्रॅबॲपलच्या एका झाडातून, बीच्या वाटेने, संकर करून मिळाली. बी पेरणे सोडून फक्त कलमे बांधत राहिले, तर पुढच्या रोगाला उत्तर कुठून आणायचे?

म्हणून ज्याच्या परसात जागा आहे, त्याने कलमाशेजारी चार बियाही लावाव्यात. त्या ओल्या वाळूत दोन-तीन महिने थंडीत ठेवाव्या लागतात, नाहीतर रुजत नाहीत. बुटक्या खुंटावरचे कलम दोन-तीन वर्षांत फळू लागते, बीच्या झाडाला सहा ते दहा वर्षे लागू शकतात. फळे आंबट निघाली तर त्यांची जेली चांगली होते, कारण त्यांत पेक्टिन भरपूर असते. आणि क्वचित एखादे गोड निघालेच, तर त्याच हिवाळ्यात, झाड झोपलेले असताना, त्याची काडी कापून घ्यावी लागते.