देण्याघेण्यातले

लग्नसराईत कापडाच्या दुकानात पाऊल टाकले की दुकानदार आधी विचारतो, "नेसायला दाखवू, की देण्याघेण्यातल्या दाखवू?" हा प्रश्न आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही चमत्कारिक आहे असे कोणास वाटतच नाही. नेसायची साडी एका फळीवर, देण्याघेण्याची दुसऱ्या. पहिलीचा पदर उलगडून, पोत चिमटीत धरून, दाराशी उजेडात नेऊन पाहावयाचा. दुसरी नुसती मोजून घ्यावयाची. दोन डझन द्या म्हणजे झाले!

परमार्थाच्या मासिकात साड्यांची उठाठेव कशाला, असे काही वाचक म्हणतील. परंतु आमच्या मते हा प्रश्न परमार्थाचाच आहे. जी वस्तू आपण स्वतः वापरणार नाही ती दुसऱ्याच्या पदरात टाकली, तर ते दान झाले काय? की फक्त हिशेब पुरा झाला?

कठोपनिषदाचा आरंभच या प्रश्नाने होतो. वाजश्रवसाने सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला आणि ब्राह्मणांस गाई दिल्या. पण त्या गाई कशा? ज्यांचे चरणे, पाणी पिणे, दूध देणे सगळे होऊन गेले होते, अशा भाकड. आकडा भरला, पण घेणाऱ्याच्या हाती काही पडले नाही. ते पाहून लहानग्या नचिकेताच्या मनात श्रद्धा जागी झाली आणि तो बापाला पुन्हापुन्हा विचारू लागला, "मला कोणाला देणार?" संतापलेल्या बापाने त्याला मृत्यूला देऊन टाकले. पुढचे ब्रह्मज्ञान आपण प्रवचनातून ऐकतो, पण ते ज्या भाकड गाईंवरून निघाले त्या आपण विसरतो. देण्याघेण्यातल्या गाई होत्या त्या!

आता भिवंडीकडे वळू. आमच्या या गावाची ओळखच कापडाची. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर येथे वसले, तेलंगणातून पद्मशाली आले. हातमाग गेले, यंत्रमाग आले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बसल्या, तसा येथला खडखडाट आणखी वाढला. आता बिनधोट्याचे नवे मागही आले आहेत. दुसरीकडे मानकोली, राहनाळ, वळ, पूर्णा या बाजूला गोदामांची रांग लागली. मुंबईची जकात चुकविण्यासाठी माल हद्दीबाहेर ठेवीत, तेथून ती वाढली. २०१७ साली जकात गेली, पण गोदामे राहिली, आणि आज देशभर घरपोच जाणाऱ्या असंख्य भेटवस्तू येथूनच पेटीत बंद होऊन निघतात. विणणे आणि पाठविणे, दोन्ही एकाच तालुक्यात. देणाऱ्याच्या हाताचा स्पर्शही न होता देणगी पोहोचते, ही सोय भिवंडीने पाहिली तशी थोड्याच गावांनी पाहिली असेल.

मागावर उभे राहून बघा, म्हणजे वस्तूचे खरेखोटे कोठे ठरते ते कळते. ताण्याचा एक धागा तुटतो. कारागिराने माग थांबवून गाठ मारली तर कापड धड निघते. पण त्याची मजुरी विणलेल्या कापडावर असते, थांबलेल्या मागावर नसते. बारा तासांची पाळी, एकेका माणसाकडे कितीतरी माग. थांबला की पैसे बुडाले. तुटका धागा तसाच पुढे गेला की कापडात रेघ पडते. व्यापारी म्हणतो, "चालेल, हे वाटपातच जायचे आहे." एका कारागिराने आम्हांस सांगितले, "साहेब, चांगले विणता येत नाही असे नाही. चांगले मागतो कोण?" यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि अजूनही सुचत नाही. कारण तीनशे शाली सर्वांत कमी भावात मागणारे आपणच असतो. ती रेघ कारागिराच्या हातून पडली खरी, पण तिचा भाव आपण ठरविला होता.

संतमंडळींचा धंद्याशी संबंध आपण कीर्तनात फार गोड करून सांगतो. गोरोबा मडकी घडवीत, सावतोबा मळा शिंपीत, नरहरी सोनार दागिने घडवीत, कबीर विणीत. पण त्यांच्या हातची वस्तू कशी होती, हे कोणी विचारीत नाही. चिखल तुडविताना नामात रंगून गेलेल्या गोरोबांची कथा सर्वांना पाठ. तेच गोरोबा संतमेळ्यात थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारीत गेले आणि नामदेवरायांपाशी आल्यावर हे मडके कच्चे आहे म्हणाले, ही कथाही पाठ. ज्याने आयुष्यभर प्रत्येक मडके वाजवून पाहिले, कच्चे गिऱ्हाइकाला दिले नाही, त्याच्याच हाती ती परीक्षा शोभते. मडक्यांत जो लबाडी करतो त्याला माणसांतले कच्चेपक्के कोठून कळणार? महाभारताच्या शांतिपर्वातही हेच आहे. जटेत पक्ष्यांनी घरटे करीपर्यंत तप केलेल्या जाजलीला काशीच्या तुलाधार वाण्याकडे जावे लागले. त्या वाण्यापाशी विशेष काय होते? त्याचा तराजू सर्वांसाठी सारखा होता. नेसायचे एक माप आणि देण्याघेण्याचे एक माप, असे त्याच्या दुकानात नव्हते.

कोणी म्हणेल, चांगल्या वस्तूची आवड म्हणजे आसक्तीच नव्हे का? तुकोबांनी शिवरायांकडून आलेला नजराणा परत केला असे महिपती सांगतात. मग वारकऱ्याने घडणावळीची चिकित्सा का करावी? शंका रास्त आहे. पण अनुभव काय सांगतो? वाईट वस्तूच माणसाला वस्तूंत गुंतविते. छत्रीची काडी मोडली, चपलेचा अंगठा तुटला, पिशवीचा बंद निसटला, की सगळे चित्त तिकडे. परत बाजार, परत घासाघीस. धड वस्तू वर्षानुवर्षे निमूटपणे काम देते आणि आपल्याला तिचा विसर पडतो. आम्हांस तर वाटते, वैराग्याला उपकारक अशी वस्तू म्हणजे चांगली बनलेली वस्तू. शोभेची, मिरवायची वस्तू निराळी. तिच्याविषयी आम्ही बोलत नाही.

दुसरी शंका गरिबाची. ज्याच्याकडे पैसाच नाही त्याने काय द्यावे? त्याचे उत्तर सुदाम्याने देऊन ठेवले आहे. फाटक्या चिंधीत बांधलेले मूठभर पोहे. पण घरात त्याहून चांगले काही मागे ठेवलेले नव्हते. वाजश्रवसाच्या आणि सुदाम्याच्या देण्यातला फरक किमतीचा नाही. चांगले मागे ठेवून दिले की होते तेच दिले, एवढाच आहे. ज्याला शंभर माणसांना वाईट रुमाल देता येतात, त्याला वीस माणसांना चांगले देता येतात. उरलेल्या ऐंशींना नुसता नमस्कार करावा. नमस्कारात रेघ पडत नाही!

आषाढीच्या वाटेवर हे सगळे उघडे पडते. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत दानशूर मंडळी उभी असतात. त्यांची भक्ती खोटी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण दिवे घाटात पाऊस आला की सकाळी मिळालेला पातळ कागदी रेनकोट बगलेत फाटतो आणि संध्याकाळी रस्त्याकडेला पडतो. वर देणाऱ्याचे नाव मात्र ठळक छापलेले! शालींचे तर विचारूच नका. सप्ताहाच्या समाप्तीला कीर्तनकार बुवांच्या खांद्यावर पडलेली शाल घडी न मोडता पुढच्या गावच्या सत्काराला जाते, आणि फिरत फिरत कधी पहिल्या यजमानाकडे परत येते. बुवांना थंडी वाजते ती वाजतेच.

मग द्यावे काय, असे पुष्कळ वाचक विचारतात. वारकऱ्याला घोंगडी द्यावी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सनगर-धनगरांनी खड्ड्याच्या मागावर विणून चिंचोक्याची खळ दिलेली. ती प्रथम बोचते, पण पावसाची भुरभुर अंगाला लागू देत नाही; अंथरता येते, पांघरता येते, आणि पुढल्या पिढीच्याही कामी येते. भजनी मंडळाला टाळ द्यावयाचा तर काशाचा द्यावा. घेण्यापूर्वी दोन्ही वाट्या एकदा हळूच वाजवून कानाशी धराव्यात. नाद लांबत गेला तर घ्यावा, चटकन बसला तर खाली ठेवावा. तुळशीची माळ ओळखीच्या माणसाकडून घ्यावी, कारण यंत्रावर कातलेले भलतेच लाकूड तिच्या नावावर सर्रास खपते. पाहुण्याला टॉवेल-चादर द्यावयाची असेल तर सोलापुरी बघा, किंवा आमच्या भिवंडीतच ओळखीच्या मागवाल्याकडे जा. कापड उजेडात धरा, दोन्ही काठांवरून बोट फिरवा, आणि भाव पाडण्याआधी एवढेच सांगा की हे आम्हांला घरी वापरायचे आहे. मग त्यातलेच एक घरी ठेवा आणि बाकीचे वाटा.